खानदेशात सापडलेला लाल-पिवळा दगड गेरू आहे का? ओळखायची पद्धत, क्रमाने

खानदेशात लाल दगड शोधायला जावं लागत नाही. विहिरीच्या मलब्यात, नाल्याच्या काठाला, घाटात रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत, बांधावर रचलेल्या धोंड्यांत तो असतोच. पण दगड लाल दिसतो म्हणजे त्याचा रंग होईलच असं नाही. गेरू किंवा काव म्हणण्यासाठी त्यात लोहाचं ऑक्साइड भरपूर हवं, आणि ते इतकं बारीक हवं की चिमूटभर भुकटीनेही भिंत किंवा कागद झाकला जावा. इथल्या बहुतेक लाल दगडांचा लालपणा वरवरचा असतो, नाहीतर दगडाच्या आत असा कोंडलेला असतो की कितीही घासलं तरी उतरत नाही.

म्हणून दगड हातात आला की त्याच्या दिसण्याला फार किंमत देऊ नका. तो फरशीवर कोणत्या रंगाची रेघ सोडतो, पाण्यात कसा वागतो आणि सापडला कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की निकाल जवळजवळ लागतो. बाकीच्या चाचण्या शंका उरली तरच करायच्या.

थोडी पूर्वतयारी म्हणून एवढं लक्षात असू द्या. लाल गेरूचा रंग हेमॅटाइट या खनिजाचा. पिवडीचा पिवळा रंग गोएथाइटचा, म्हणजे रचनेतच पाणी धरून असलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा. काळपट तपकिरी मातीत लोहाबरोबर मँगनीज असतं. निळसर हिरव्या मातीचा रंग सेलाडोनाइटसारख्या खनिजांचा. जळगावहून जवळ असलेल्या अजिंठ्याच्या चित्रांतले लाल, पिवळे आणि हिरवे रंग याच जातीच्या मातींचे आहेत. निळा तेवढा लाजवर्द या निळ्या दगडाचा, बाहेरून आणलेला.

आधी जमीन बघा

खानदेशचा पाया बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या फत्तराचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले. या खडकात लोहाचं ऑक्साइड दहा ते पंधरा टक्के असतं, त्यामुळे तो कुजला की मुरूम पिवळट, तपकिरी किंवा तांबूस होतो. एका प्रवाहाचा माथा कुजून त्याची माती झाली आणि त्यावर पुढचा तप्त प्रवाह येऊन पसरला, की मधली माती भाजून निघते. दोन काळ्या थरांमध्ये दिसणारा विटकरी पट्टा तो हाच. कुठे चार बोटं जाड, कुठे पुरुषभर. वरच्या प्रवाहाला टेकलेला भाग बहुधा जास्त लाल आणि घट्ट असतो, तर खाली तो तपकिरी होत मुरमात मिसळतो.

हा पट्टा बघायची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे नव्या विहिरीचा मलबा. मांजऱ्या (बारीक भोकांचा बेसॉल्ट), काळा फत्तर, मध्येच तांबडा थर, पुन्हा फत्तर अशा क्रमाने माल वर येतो, आणि ढिगाऱ्यात तो उलटा पडतो: सगळ्यात खोलचा सगळ्यात वर. किती परसांवर तांबडं लागलं, हे खोदणाऱ्यांना नेमकं आठवत असतं, त्यांना विचारा. स्वतः विहिरीत उतरू नका. धुळे-नंदुरबार भागात लाव्हाच्या भेगांत उभ्या घुसलेल्या खडकाच्या लांबच लांब भिंती आहेत, सरळ रेषेत जाणाऱ्या टेकड्यांसारख्या दिसतात. त्यांच्या कडेला माती किंवा मुरूम आला असेल तर तोही भाजून लाल झालेला असू शकतो.

तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठचा भाग निराळा. इथे गाळ जाड, त्यात चुनखडीचे खडे, आणि पावसाने कोरलेल्या घळींमध्ये वाळू-गोट्यांचे थर उघडे पडलेले. अशा गोट्यांत मिळालेला लाल दगड वाहून आलेला असतो, त्यामुळे आसपास लाल थर शोधून उपयोग नाही. तो बहुधा जास्पर, म्हणजे गारगोटीच्या कुळातला कठीण लाल दगड, निघतो; त्याबद्दल पुढे.

तिसरी जागा पांढरीची. गावाजवळचं जुनं टेकाड, राखाडी भुसभुशीत माती, पावसानंतर वर आलेली खापरं. इथला लाल तुकडा विटेचा किंवा खापराचा असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण खरा गेरू निघालाच तर तो माणसाने आणलेला असणार, आणि मग गोष्ट वेगळ्या वळणावर जाते.

हंगाम म्हणाल तर दिवाळीच्या आगेमागे. नाले ओसरलेले असतात, काठ ताजे कापलेले असतात आणि गवत वाळायला लागलेलं असतं. उन्हाळ्यात भर दुपारच्या उजेडात पिवळा आणि तांबूस यांतला फरक डोळ्याला कळत नाही, आणि दगड हातात धरवतही नाही. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. दगड उलथताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे फट पलीकडे उघडते आणि खाली विंचू किंवा फुरसं असलं तर मध्ये दगडाची आड राहते.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, लोखंडी खिळा, तांब्याची जाडसर तार, जुन्या स्पीकरमधला छोटा लोहचुंबक (प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नाहीतर त्याला चिकटलेली काळी रेती निघता निघत नाही), पाण्याची बाटली, झिपच्या लहान पिशव्या, पेन्सिल आणि चिठ्ठ्या. रेघ ओढायला चकाकी नसलेली पांढरी चिनी माती लागते. बाजारात फरशीचे तुकडे मिळतात, पण अनेक फरशांची मागची बाजू तांबूस किंवा तपकिरी असते. त्यावर सगळेच दगड गेरू वाटतात. सर्वांत भरवशाचं साधन घरातच आहे: चिनी मातीचा पांढरा कप उलटा करा. बुडाची जी कड टेबलाला टेकते ती बिनचकाकीची आणि खरखरीत असते. कान तुटलेला कप पिशवीत टाकला की काम झालं.

दगड घासण्याआधी भिंगातून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गेरूचा दगड हजारो वर्षांपूर्वी कुणी घासून वापरला असेल तर त्याच्या खुणा दगडावर राहतात, आणि तुम्ही एकदा कपावर घासलात की त्या खुणांत तुमची खूण मिसळते.

दगड धुवू नका. सुकी माती मऊ ब्रशने झटका आणि सकाळच्या तिरप्या उजेडात फिरवून बघा. नदीत घासलेला दगड सगळीकडून सारखा गोल होतो. माणसाने घासलेल्या गेरूवर सपाट पृष्ठं तयार होतात, दोन पृष्ठं एका स्पष्ट धारेवर मिळतात, आणि त्या सपाटीवर बारीक, एकमेकींना समांतर रेघा असतात. कधी टोकाकडे निमुळता झालेला तुकडा मिळतो, तर कधी दगडी हत्याराने खरवडल्याचे खोबण. नांगराच्या फाळाची किंवा जेसीबीच्या दाताची ओरखड रुंद, एकटी आणि ताजी असते. तिच्या तळाशी रंग उजळ दिसतो, तर जुन्या घासणीवर तीच मळकट झिलई आलेली असते जी बाकी दगडावर आहे.

अशा खुणा दिसल्या, किंवा दगडासोबत खापरं, गारगोटीच्या छिलका, घासून खोलगट झालेला पाटा, मणी असं काही असलं, तर पुढची एकही चाचणी करायची नाही. जागेवरच, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, फोनवर ठिकाणाचे आकडे टिपा आणि दगड आहे तिथेच राहू द्या. खानदेशात ही शक्यता दूरची नाही. चाळीसगावजवळ पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला आहे, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे आणि गिरणाकाठी बहाळ इथे ताम्रपाषाणयुगीन वस्त्या उत्खननात मिळाल्या. कळवायचं राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा तालुक्याच्या तहसीलदारांना. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेतही विचारता येतं.

रेघ

खुणा नसतील तर आता कप काढा. दगड पूर्ण सुका हवा. ओला दगड रेघ न उमटवता चिखल लावतो. मध्यम जोराने दोन-तीन सेंटिमीटर रेघ ओढा, फुंकर मारून सैल भुकटी उडवा आणि उरलेली रेघ बोटाने पसरून बघा.

एकच रेघ कधीही पुरेशी नाही. पहिली दगडाच्या कातडीवरून घ्या, दुसरी आधीच फुटलेल्या किंवा खिळ्याने खरवडून उघड्या केलेल्या आतल्या भागावरून. बेसॉल्टच्या गोट्याची चाचणी इथेच फसते. हा खडक कुजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, बाहेरचे पापुद्रे गंजून तांबूस-पिवळे होतात, आणि त्यावरून घेतलेली रेघ अगदी पिवडीसारखी येते. आत गेलात की रेघ राखाडी. दोन्ही रेघा एकाच रंगाच्या आल्या तरच रंग दगडाचा, नाहीतर कातडीचा.

आता रेघ वाचा. विटकरी ते गडद रक्तासारखी लाल आणि बोटाने पसरली तर आणखी पसरत जाणारी: हेमॅटाइट, म्हणजे गेरू. गंमत अशी की घट्ट हेमॅटाइट बाहेरून पोलादी करडा किंवा जवळजवळ काळाही असतो, तरी त्याची रेघ लालच येते. काळा म्हणून टाकून दिलेला जड दगड कधीकधी सगळ्यात चांगला गेरू असतो. पिवळी ते पिवळट तपकिरी रेघ गोएथाइटची, म्हणजे पिवडीची. काळी रेघ मॅग्नेटाइटची किंवा मँगनीजची; यांतलं कोणतं ते चुंबक सांगतो. फिकी नारिंगी, खरखरीत आणि फुंकरीने निम्मी उडून जाणारी रेघ बहुधा विटेची. आणि रेघच येत नाही, उलट कपावर चरा पडून पांढरी पूड निघते, तेव्हा दगड चिनी मातीहून कठीण आहे. तो जास्पर किंवा गारगोटीच्या कुळातला.

लाल थरातली भाजलेली माती रेघेत गेरूची जवळची नक्कल करते. तिची रेघ लालसरच येते, पण फिकी, तपकिरीकडे झुकणारी, आणि बोटाने पसरली की लगेच विरते. इथे रेघेवर निकाल देऊ नका. पाणी लागेल.

पाण्याची बाटली

खानदेशासाठी ही सर्वांत उपयोगी चाचणी, कारण इथला खरा प्रश्न गेरू की लाल चिकणमाती हाच असतो.

दगडाचा चमचाभर (सुमारे पाच ग्रॅम) तुकडा जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडा, मग खलात पाण्याचे चार थेंब घालून ओलाच वाटा. सुकं वाटू नका; ही धूळ फुप्फुसाला वाईट, आणि मँगनीज असेल तर जास्तच. दोनशे मिलिलिटरच्या पारदर्शक बाटलीत घालून तीन चतुर्थांश पाणी भरा, मिनिटभर जोरात हलवा आणि सपाट जागी ठेवा. पाणी पावसाचं किंवा आरओचं घ्या. खानदेशातल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं आणि त्यातल्या क्षारांमुळे चिकणमाती गोळा होऊन लवकर खाली बसते, मग दोन दगडांची तुलना बिघडते.

पहिल्या अर्ध्या मिनिटात खाली बसते ती रेती. तळाशी बोटभर रेती आणि वर फिकट पाणी असेल तर तो लाल वालुकाश्म, विटेचा चुरा किंवा कुजका मुरूम. गेरूच्या बाटलीत रेती नावापुरती असते, पाणी पूर्ण अपारदर्शक लाल होतं, आणि काही तासांत ते वरून स्वच्छ होत जाऊन खाली गडद, दाट थर बसतो. चिकणमातीची बाटली दुसऱ्या दिवशीही गढूळ राहते. तिच्यात चिमूटभर मीठ टाकून हलवा: तासा-दोन तासांत गाळ पुंजक्यांनी खाली आला, थर फुगीर आणि फिकट दिसला, तर लाल थराची माती नक्की.

थर वाळवून बघितला की उरलेली शंका जाते. वरचं पाणी ओतून टाका आणि गाळ बशीत सावलीत वाळू द्या. चिकणमाती आकसते, तिला काळ्या जमिनीला पडतात तशा भेगा पडतात, कडा वर वळतात. गेरूचा थर मऊ, सलग राहतो आणि बोटाला पावडरीसारखा लागतो. अर्थात निसर्गात दोन्ही मिसळलेलेच असतात. थोड्या भेगा पडल्या म्हणून माल वाया गेला असं नाही, रंग गडद असेल तर तो धुऊन वेगळा करता येतो.

आणि गाळ खाली बसूनही पाणी गुलाबी किंवा पिवळंच राहिलं तर? गेरू पाण्यात विरघळत नाही. रंगीत राहिलेलं पाणी म्हणजे कृत्रिम रंग. उघड्यावर सापडलेला तुकडा तेव्हा बाजारातल्या रंगवलेल्या खडूचा, रांगोळीचा किंवा पोळ्याला बैल रंगवून उरलेल्या मालाचा असतो.

वजन, कठीणपणा, चुंबक

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर घनता काढता येते. सुक्या दगडाचं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येतो तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. ९२ ग्रॅमच्या दगडाने १९ दाखवले तर घनता ४.८, म्हणजे हेमॅटाइटने भरलेला. त्याच वजनाने ३४ दाखवले तर २.७, म्हणजे जास्पर. शुद्ध हेमॅटाइट ५ च्या थोडा वर, गोएथाइट ४ च्या आसपास, बेसॉल्ट २.८ ते ३, वीट २ च्या जवळपास. काटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर पन्नास ग्रॅमहून लहान दगडाचा हिशेब करू नका. एका ग्रॅमची चूक उत्तर पार बदलते. सच्छिद्र दगडातून बुडबुडे यायला लागले की आकडा सरकत राहतो, म्हणून पहिल्या दोन-तीन सेकंदांतला वाचा. मातकट गेरू हलकाही असतो, तेव्हा कमी घनता आली म्हणून दगड नापास होत नाही. जास्त आली तर मात्र पास.

कठीणपणा चटकन उरकतो. नखाने ओरखडा पडतो तो मातकट गेरू, पिवडी किंवा हिरवी माती. तांब्याच्या तारेने पडतो, नखाने नाही, तो घट्ट गेरू किंवा भाजलेली माती. खिळ्यानेही पडत नाही आणि दगड काचेला ओरखडा पाडतो तो बहुधा जास्पर, रंगासाठी निरुपयोगी; पण घट्ट हेमॅटाइटही इतका कठीण असू शकतो, म्हणून रेघ लाल आली असेल तर टाकू नका.

चुंबक दोऱ्याला टांगून दगडाजवळ न्या. गेरू आणि पिवडी त्याला ओढत नाहीत, निदान जाणवण्याइतकं नाही. जोरात ओढला तर मॅग्नेटाइट किंवा लोहाराच्या भट्टीचा कीट. हलकासा कललेला चुंबक मात्र काहीच सिद्ध करत नाही, कारण साध्या बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइटचे कण असतात आणि चुलीत भाजलेली वीटही थोडी ओढते.

फसवणारे

जास्परने तापीच्या आणि गिरणेच्या गोट्यांत जितके लोक फसतात तितके दुसऱ्या कशाने नाही. गडद लाल, गुळगुळीत, ओला असला तर डोळे दिपवणारा. फुटलेली बाजू मेणासारखी चमकते, कडा धारदार, रेघ नाही. त्यातही लोह हेमॅटाइटच्या रूपातच आहे, पण ते सिलिकेत अडकलेलं असतं. वाटून कितीही बारीक केला तरी फिकट गुलाबी पूड मिळते. त्याच्यावर एकामागून एक छिलके काढल्याच्या खोलगट खुणा असतील तर फोडू नका, ते हत्यार असू शकतं.

विटेचा तुकडा नदीने गोल केला की चांगल्या जाणकारालाही क्षणभर थांबवतो. भिंगातून आत तूस जळून गेल्याची लांबट भोकं, वाळूचे कण आणि क्वचित एखादी सरळ बाजू दिसते. पाण्यात टाकल्याबरोबर बुडबुडे सुटतात. खापराला दोन समांतर पृष्ठं आणि हलकी गोलाई असते, कडेला बघितलं तर बऱ्याचदा मधला थर काळा.

भट्टीचा कीट जड, फेसाळ भोकांचा, कुठेकुठे काचेसारखा, वरून गंजलेला. गंजाची रेघ पिवडीसारखी येते म्हणून त्याचाही आतला भाग घासायला हवा.

शेंदूर फासलेला दगड किंवा देवाच्या अंगावरून गळून पडलेलं शेंदराचं कवच नाल्यात, झाडाखाली सापडतं. नारिंगी, तेलकट, थरांवर थर, हाताला अनपेक्षित जड. त्याला कपावर घासू नका, खरवडू नका. श्रद्धेचा भाग आहेच, पण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि त्याची भुकटी विषारी. नुसता हात लागला तरी साबणाने धुवा. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारताना खाली सांडलेला गेरूही दगडांवर बसतो. एका बाजूलाच रंग आणि त्यात ओघळ दिसले की समजावं.

पिवळ्या दगडाला तव्यावर घ्या

पिवळा दगड पिवडीचा आहे की नुसत्या पिवळट मुरमाचा, हे तापवून कळतं. गोएथाइटमधलं पाणी २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या आसपास निघून जातं आणि त्याचं हेमॅटाइट होतं.

पुन्हा स्वयंपाकाला न वापरायचा लोखंडी तवा घ्या, अंगणात मांडा. अख्खा दगड कधीही तापवू नका. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो आणि कपच्या डोळ्यात जातात. वाटून, धुऊन, पूर्ण वाळवलेली भुकटी दोन मिलिमीटर जाडीने पसरा. मोठ्या आचेवर वीस ते तीस मिनिटं, लोखंडी उलथन्याने हलवत. दर पाच मिनिटांनी चिमूटभर काढून पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवत जा. पिवडी असेल तर पिवळा, नारिंगी-तपकिरी, तांबूस आणि शेवटी लाल अशी चढती ओळ तयार होते. मुरूम जेमतेम गुलाबीसर होतो. मँगनीजवाली माती काळपटच होत जाते. गार झाल्यावर रंग बघा, गरम भुकटी खऱ्यापेक्षा गडद दिसते.

एक इशारा. लिंबासारखा झगझगीत पिवळा, अभ्रकासारखा पापुद्र्यांचा, चमकदार तुकडा तव्यावर ठेवू नका. तो हरताळ असू शकतो, म्हणजे आर्सेनिकचं विषारी संयुग. खानदेशच्या खडकात तो मिळायचा नाही, पण पूर्वी तो औषधाला आणि रंगाला बाजारात विकला जाई, तेव्हा जुन्या वाड्याच्या पडझडीत मिळालेल्या पिवळ्या तुकड्याबद्दल सावध राहिलेलं बरं.

पिवळ्या मातीवर व्हिनेगर टाकूनही बघा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. भुकटीवर टाकला तरच नीट कळतं. व्हिनेगर सौम्य असल्याने अख्ख्या दगडावर फेस दिसतच नाही. चुनखडी असलेली पिवडी भिंतीला चालते, पण भाजल्यावर तिचा लाल मळकट येतो.

हिरवा आणि काळपट

मांजऱ्या खडकातल्या भोकांना आतून हिरवा लेप असतो, कधी वाटाण्याएवढ्या गोळ्या असतात. नखाने ओरखडा पडतो, बोटाला साबणासारखं लागतं, रेघ फिकट निळसर हिरवी. हीच हिरवी माती. मोठा तुकडा जवळजवळ मिळतच नाही. पुडीभर रंगाला ढीगभर खडक कोरावा लागतो. शेजारच्या भोकांत पांढरे-पारदर्शक स्फटिक दिसले तर ते झिओलाइट कुळातले किंवा अपोफिलाइट, ज्यांच्यासाठी जळगावच्या खाणी संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. रंगाशी त्यांचा संबंध नाही. शेवाळाचा हिरवा पाण्याने निघतो आणि वाळला की तपकिरी होतो, एवढं तपासून घ्या.

दगडाच्या फटींत काळी, झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते ती मँगनीजची. तिला जाडी नसते, म्हणून रंग मिळत नाही.

शेवटची परीक्षा: कागद

सगळं जुळलं तर थोडा रंग करून बघा. १०० ग्रॅम वाटलेला दगड एक लिटर पाण्यात ढवळा. पाणी दहा सेंटिमीटर खोल असेल तर अर्ध्या मिनिटाने वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रेती मागे राहते. तिथे पाच मिनिटं थांबून पुन्हा ओता. तिसऱ्या भांड्यात जे जातं ते बारीक. ते रात्रभर बसू द्या आणि वाळवा. मात्र हेमॅटाइट रेतीपेक्षा जड असल्याने त्याचे जाडसर कण लवकर बसतात, तेव्हा दुसऱ्या भांड्यातला गाळ लाल दिसला तर फेकू नका, पुन्हा वाटा.

दहा ग्रॅम बाभळीचा डिंक तीस मिलिलिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. एक चमचा भुकटीत अर्धा चमचा हे पाणी घालून काचेवर घोटा आणि पेन्सिलने काळी रेघ ओढलेल्या कागदावर लावा. एका हातात रेघ झाकली गेली तर गेरू उत्तम. तीन हातांनंतरही दिसत असेल तर मातीच जास्त. वाळल्यावर बोटाला रंग लागतो म्हणजे डिंक कमी पडला. पापुद्रे सुटले तर डिंक जास्त किंवा चिकणमाती शिल्लक. भिंतीसाठी वापरायचा असेल तर थोडा विरलेल्या चुन्यात कालवून आठवडाभर उन्हात ठेवा. लोहाचा रंग चुन्यात टिकतो. उडाला तर भेसळ आहे.

उचलण्याआधी

गौताळा औट्रमघाट आणि यावल अभयारण्यातून, किंवा कोणत्याही राखीव वनातून, दगडही उचलायचा नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलातले दगड आणि माती हीसुद्धा वनउपजच. पितळखोऱ्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारातही तेच. खासगी शेतात मालकाला विचारून हातभर मलब्यातून नमुना घेणं वेगळं आणि खणून विकणं वेगळं: गेरू आणि जास्पर दोन्ही फेब्रुवारी २०१५ पासून गौण खनिजांच्या यादीत आहेत, उत्खननाला परवानगी लागते.

नमुना आक्रोडाएवढा पुरतो. प्रत्येकाला वेगळी पिशवी, कारण एकाचा रंग दुसऱ्याला लागला की दोघांच्याही रेघेवर भरवसा राहत नाही. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. शाई ओलाव्याने पसरते. तारीख, गाव आणि शिवार, फोनवरचे ठिकाणाचे आकडे, थरात होता की सुटा पडलेला, थर असेल तर त्याची जाडी आणि त्याच्या वर-खाली काय होतं. सुटा असेल तर जवळचा लाल थर किती अंतरावर आहे तेही नोंदवा. काळ्या रानात मैलभर लाल थर नसताना मिळालेला अस्सल गेरू पुन्हा एकदा भिंगाखाली घ्या.